पाय राखावा की काढावा? : गंभीर पाय-दुखापतींवरील चिकित्सा-संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

अपघातात किंवा युद्धात चिरडलेला पाय समोर आल्यावर वैद्यकापुढे एकच मूलभूत प्रश्न उभा राहतो : हा पाय राखावा की काढावा? वरवर पाहता हा प्रश्न केवळ शस्त्रक्रियेचा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक कालखंडाने त्याचे उत्तर वेगळ्या निकषावर दिलेले आहे. प्रारंभी जीव वाचला की उपचार यशस्वी मानला जाई. पुढे पाय वाचला की यश मानले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र रुग्णाचे पुढील आयुष्य कसे गेले, हा निकष पुढे आला. निकषांमधील या स्थित्यंतराचा मागोवा घेणे आणि त्यातून भारतीय संदर्भात काय बोध घेता येतो याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्विनीकुमारांनी विश्पलेला धातूची जंघा दिल्याचा उल्लेख येतो. कृत्रिम पायाच्या इतिहासाचा प्रारंभ अनेकदा या उल्लेखापासून केला जातो. तथापि, ही देवतांच्या स्तुतीतील कथा आहे, उपचारपद्धतीचा पुरावा नव्हे. गमावलेला पाय परत मिळावा ही आकांक्षा प्राचीन आहे, एवढाच निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य ठरेल.

जीव वाचविण्याचा कालखंड :

सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रोझ पारे याने अंगच्छेदनाच्या इतिहासाला महत्त्वाचे वळण दिले. तत्पूर्वी पाय कापल्यानंतर रक्तस्राव थांबविण्यासाठी जखमेवर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची प्रथा होती. इ.स. १५५२ मध्ये दांव्हिलेच्या वेढ्याच्या वेळी पारेने अंगच्छेदनात रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याची पद्धत वापरली. त्याने आपल्या ग्रंथांत कृत्रिम अवयवांच्या आकृत्याही दिल्या. शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन यांचा एकत्रित विचार येथे प्रथमच ठळकपणे दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे याने दुखापतीनंतर विनाविलंब अंगच्छेदन करण्याचा आग्रह धरला. १८१२ मधील बोरोदिनोच्या लढाईत त्याने सुमारे दोनशे अंगच्छेदने केली. आजच्या दृष्टीने हा आकडा क्रौर्याचा वाटला, तरी त्यामागील तर्क स्पष्ट होता. जखम चिघळल्यास रुग्ण दगावणार हे जवळपास निश्चित असल्याने पाय देऊन जीव राखणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

१८४६ च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टनने ईथरची भूल देऊन मांडीतून पाय काढला. भूल मिळाल्याने वेदना गेली. जंतुसंसर्ग मात्र कायम राहिला. या प्रश्नाला उत्तर मिळाले ते जोसेफ लिस्टरच्या कार्यातून. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगो येथील रुग्णालयात गाडीचे चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. हाड मोडून त्वचाही फाटलेली होती. अशा उघड्या अस्थिभंगात एरवी पाय काढला जाण्याची शक्यता मोठी होती. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक आम्लाचा प्रयोग केला आणि मुलाचा पाय वाचला. १८६७ मध्ये त्याने अशा अकरा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी नऊ जण पायासह बरे झाले, एकाचा अवयव काढावा लागला व एक दगावला. १८७० मध्ये त्याने अंगच्छेदनाचे आकडेही मांडले. जंतुनाशक पद्धतीपूर्वी ३५ पैकी १६ रुग्ण दगावले होते, तर त्यानंतर ४० पैकी ६. ही तुलना आजच्या संशोधनशास्त्राच्या कसोटीवर अपुरी ठरेल, परंतु उपचारापूर्वीची आणि नंतरची संख्या शेजारी ठेवून दावा सिद्ध करण्याची वृत्ती तिच्यात निश्चितपणे आढळते.

पाय राखण्याचा कालखंड :

संसर्गावर काही अंशी नियंत्रण आल्यानंतर पाय राखणे हे उद्दिष्ट बनले. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस याने तयार केलेला स्प्लिंट त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात प्रचारात आणला. १९१७ मधील आरासच्या लढाईत मांडीच्या हाडाच्या १००९ अस्थिभंगांत मृत्यूचे प्रमाण १५.६ टक्के नोंदले गेले. युद्धाच्या प्रारंभी अशा दुखापतीत बहुसंख्य जखमी दगावत असल्याचे तत्कालीन शल्यविशारदांनी नमूद केले आहे.

दुसऱ्या महायुद्धातील रक्तवाहिन्यांच्या २४७१ दुखापतींचा अभ्यास डिबेकी आणि सिमिओन यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. रक्तवाहिनी बांधून टाकलेल्या रुग्णांत अंगच्छेदनाचे प्रमाण सुमारे ४९ टक्के होते. कोरियन युद्धात रक्तवाहिनी जोडण्याचे तंत्र रुळल्यावर हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले. १९७० च्या दशकात सूक्ष्मशस्त्रक्रियेमुळे शरीराच्या अन्य भागातील मांस व त्वचा पायावर बसविणे शक्य झाले. सोव्हिएत रशियातील कुर्गान येथे इलिझारोव्ह यांनी विकसित केलेल्या कड्यांच्या चौकटीमुळे हाडातील पोकळी भरून काढता येऊ लागली. परिणामी, पूर्वी निःसंशय काढला गेला असता असा पाय आता राखता येऊ लागला.

येथेच नवा पेच निर्माण झाला. पाय राखण्यासाठी रुग्णाला अनेक शस्त्रक्रियांना व प्रदीर्घ रुग्णालयवासाला सामोरे जावे लागे. इतके सोसूनही काहींचा पाय अखेरीस काढावाच लागे. त्यामुळे कोणता पाय वाचेल हे प्रारंभीच सांगणारी गुणांकनपद्धती शोधली जाऊ लागली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मेस' या पद्धतीत हाड व मांसाची हानी, रक्तपुरवठा, आघाताची अवस्था आणि वय या चार घटकांना गुण दिले गेले. सात किंवा अधिक गुण हे अंगच्छेदनाचे सूचक मानले गेले.

रुग्णाच्या आयुष्याचा निकष :

या सर्व गृहीतकांची कसोटी अमेरिकेतील 'लोअर एक्स्ट्रिमिटी असेसमेंट प्रोजेक्ट' अर्थात 'लीप' या अभ्यासाने घेतली. आठ अपघात-उपचार केंद्रांतील ५६९ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करून त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाने स्वतः सांगितलेल्या आरोग्यस्थितीवर आधारित मापनपट्टी यात वापरली गेली. या पट्टीवर सर्वसामान्य लोकांचे गुण दोन ते तीन असतात आणि दहापेक्षा अधिक गुण तीव्र अक्षमता दर्शवितात. दोन वर्षांनंतर पाय काढलेल्यांचे सरासरी गुण १२.६, तर पाय राखलेल्यांचे ११.८ आढळले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. कामावर परतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५३.० व ४९.४ टक्के होते. पाय राखलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पाय काढलेल्यांत हे प्रमाण ३३.९ टक्के होते.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच होता. दारिद्र्य, अल्प शिक्षण, खासगी विम्याचा अभाव, श्वेतेतर वंश, नातेवाईक व मित्रांच्या आधाराचा अभाव, स्वतःच्या क्षमतेवरील अविश्वास, धूम्रपान, नुकसानभरपाईचा दावा आणि गंभीर गुंतागुंतीमुळे पुन्हा रुग्णालयात जावे लागणे, हे घटक रुग्णाच्या खालावलेल्या स्थितीशी निगडित आढळले. यांतील बहुतेक घटक शस्त्रक्रियागृहाबाहेरचे आहेत, ही बाब समाजशास्त्राच्या अभ्यासकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

याच प्रकल्पाने काही रूढ समजुतीही तपासल्या. २००१ मध्ये 'मेस'सह प्रचलित गुणांकनपद्धतींची चाचणी घेतली असता त्यांची संवेदनक्षमता कमी आढळली. म्हणजे केवळ गुणांवर विसंबून पाय काढण्याचा निर्णय घेणे असमर्थनीय ठरले. तळपायाची संवेदना गेली असल्यास पाय काढावा, असाही एक संकेत होता. २००५ च्या अभ्यासात प्रारंभी संवेदना नसलेल्या, परंतु राखलेल्या पायांपैकी निम्म्याहून अधिक पायांत दोन वर्षांनी ती पूर्ववत झाल्याचे दिसले. त्याच वर्षीच्या सात वर्षांच्या पाठपुराव्यात मात्र दोन्ही गटांची स्थिती खालावल्याचे व निम्म्या रुग्णांत लक्षणीय शारीरिक अक्षमता असल्याचे आढळले.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून करणे नैतिकदृष्ट्या शक्य नसल्याने हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. २०१३ मध्ये अमेरिकी सैनिकांवरील 'मेटल्स' या अभ्यासात पाय काढलेल्या सैनिकांची कार्यक्षमता पाय राखलेल्यांपेक्षा सरस आढळली. सैनिक तरुण असतात आणि त्यांना संघटित पुनर्वसनसेवा मिळते, हे येथे विसरून चालणार नाही.

भारतीय संदर्भ :

भारतात या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुणे येथे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पाश्चात्त्य धर्तीच्या कृत्रिम पायाला बूट आवश्यक असे. तो घालून उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा चिखलातून अनवाणी चालणे अवघड होते. शेतकरी व मजुरांसाठी अशा पायाचा उपयोग मर्यादित होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी व्हल्कनाइझ केलेल्या रबराचा 'जयपूर फूट' घडविला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरील शोधनिबंध १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. १९९५ च्या एका तौलनिक चाचणीत हा पाय नैसर्गिक पायाच्या अधिक जवळचा आढळला. तथापि, ती चाचणी अवघ्या तीन व्यक्तींवर झाली होती, हेही नमूद करणे आवश्यक आहे. उपयोगाचा विस्तार मोठा आणि संशोधनाचा पाया अरुंद, अशी ही विसंगती आहे.

पाय राखण्यासंदर्भात कोइम्बतूर येथील गंगा हॉस्पिटलचे योगदान उल्लेखनीय आहे. डॉ. एस. राजशेखरन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नडगीच्या १०९ उघड्या अस्थिभंगांच्या अभ्यासातून नवी गुणांकनपद्धती मांडली. त्वचा, हाड आणि स्नायू यांचे गुण स्वतंत्रपणे मोजणाऱ्या या पद्धतीत चौदा गुण ही अंगच्छेदनाची सूचक मर्यादा ठरली.

खर्चाचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. 'लीप'मधील रुग्णांच्या २००७ च्या अभ्यासात अंगच्छेदन झालेल्यांचा अंदाजित आजीवन खर्च पाय राखलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला, कारण कृत्रिम पाय आयुष्यभर पुनःपुन्हा बदलावा लागतो. अमेरिकेतील हे प्रमाण भारताला जसेच्या तसे लागू होणार नाही. पाय काढल्याने खर्च संपतो हा समज मात्र त्यामुळे खोटा ठरतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, अंगच्छेदन म्हणजे उपचाराचे अपयश आणि पाय राखणे म्हणजे यश, हे समीकरण इतिहासाच्या व संशोधनाच्या कसोटीवर टिकत नाही. दोन, प्रश्न कसा विचारला जातो यावर उत्तर अवलंबून असते. 'पाय वाचला का?' याऐवजी 'माणूस कामावर परतला का?' असे विचारताच आकड्यांचा अर्थ बदलला. तीन, रुग्णाचे भवितव्य शस्त्रक्रियेइतकेच शिक्षण, उत्पन्न आणि कुटुंबाचा आधार यांवर ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने पुनर्वसनाला कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. असे असले तरी भारतीय रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा झाल्याखेरीज त्या हक्काचे फलित मोजता येणार नाही. शेतात राबणाऱ्या, जमिनीवर बसून जेवणाऱ्या आणि हातावर पोट असणाऱ्या माणसाच्या दृष्टीने 'बरे होणे' म्हणजे काय, हे ठरविणारी मापनपट्टी येथील वैद्यक, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणेच घडवावी लागेल.