ध्वनीचा पोत आणि इतिहासाचे साधन : नंदुरबार जिल्ह्यातील लोकसंगीताच्या संदर्भात

प्रस्तावना

संगीतशास्त्रावरील मराठी पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पहिल्या दोहोंचे मापन सोपे असल्याने त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. एकाच स्वरावर बासरी वाजते आहे की सनई हे ज्यामुळे ओळखता येते तो तिसरा गुण, नादाची जाती, मात्र बहुधा एका परिच्छेदात आटोपला जातो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत याच दुर्लक्षित गुणाभोवती एक मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. संगणकावरील ध्वनिसंपादनाच्या मुख्य आज्ञावलीला जोडल्या जाणाऱ्या छोट्या आज्ञावलींना 'प्लगइन' म्हणतात. त्यांपैकी अनेकींचे काम आवाजाला ऊब, खरखरीतपणा, जुनेपणा किंवा एखाद्या वास्तूचा घुमारा देणे, म्हणजेच नादाची जाती व पोत बदलणे, हे असते. प्रस्तुत लेखात या साधनांचा इतिहास थोडक्यात पाहून नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना त्यामुळे कोणता प्रश्न उद्भवतो, याचा विचार केला आहे.

दोषांचे गुणांत रूपांतर

हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्ता येथे केले. त्या काळी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. विद्युत ध्वनिग्राहक १९२५ नंतर आला. लाखेच्या तबकडीची खरखर, मर्यादित स्वरपट्टा, सुईची घासघास हे सारे दोष मानले जात आणि ते घालवण्यासाठी तंत्रज्ञ झटत. १९३५ साली बर्लिन येथे चुंबकीय फितीचे यंत्र लोकांसमोर आले. या फितीचा एक स्वभाव आहे. ध्वनी एका मर्यादेपलीकडे मोठा झाला की फितीवरील चुंबकत्व त्या प्रमाणात वाढत नाही. लहरींचे शेंडे बोथट होतात आणि मूळ ध्वनीत नसलेले काही उपस्वर निर्माण होतात. कानाला हा बदल दाट आणि उबदार वाटतो. शास्त्रीय दृष्टीने मात्र ती विकृतीच होय. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली, फितीचा सूक्ष्म फुसफुसाटही गेला, आणि स्वच्छ झालेला आवाज अनेकांना कोरडा वाटू लागला.

१९९२ पासून वेव्हज या इस्रायली कंपनीची प्लगइन्स बाजारात येऊ लागली. १९९६ साली जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही जोडणीची पद्धत खुली केल्यावर कोणालाही अशी आज्ञावली लिहिणे शक्य झाले. थोड्याच वर्षांत जुन्या तबकडीची धूळ, ओरखडे आणि खरखर नव्या गाण्यात मिसळून देणारे प्लगइन आयझोटोप या कंपनीने फुकट उपलब्ध करून दिले. जे काढण्यात तंत्रज्ञांच्या काही पिढ्या खर्ची पडल्या, ते आता मुद्दाम घालण्यात येऊ लागले.

वास्तूच्या घुमाऱ्याचा इतिहास याहून बोलका आहे. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून सभागृहांतील ध्वनी विरण्यास लागणारा काळ मोजण्यास आरंभ केला. १९४७ साली अमेरिकेतील बिल पुटनम यांनी स्नानगृहातील घुमाऱ्याचा उपयोग ध्वनिमुद्रणात केला. १९५७ साली जर्मनीत टांगलेल्या पोलादी पत्र्याच्या कंपनातून घुमारा निर्माण करणारे यंत्र निघाले. ते इतके अवजड होते की त्यासाठी वेगळी खोली लागे. पुढे १९९९ च्या सुमारास एक निराळीच पद्धत व्यवहारात आली. एखाद्या चर्चमध्ये वा नाट्यगृहात ठरावीक ध्वनी वाजवून त्या वास्तूचा प्रतिसाद टिपून ठेवायचा आणि गणिती क्रियेने तो कोणत्याही ध्वनीवर चढवायचा. अशा रीतीने वास्तू जणू पेटीत भरून नेता येऊ लागली. जगभर विकल्या जाणाऱ्या या संग्रहांत युरोपातील चर्चे आणि सभागृहे यांचा भरणा मोठा आहे.

पावरी, ढोल आणि मोकळे आकाश

पोत निर्माण करण्याची कला यंत्रयुगाबरोबर आली असे मात्र समजू नये. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जी जवारी काढतात, ती हीच कला होय. तार घोडीच्या किंचित वक्र पृष्ठाला निसटता स्पर्श करते आणि उपस्वरांचा झोत उठतो. नंदुरबार जिल्ह्यातील वाद्यांत हीच दृष्टी निराळ्या रूपाने दिसते. कोकणा समाजात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजणारी पावरी वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाचे शिंग यांपासून बनते. भोपळा हवा साठवतो, नळीतील जीभ थरथरते, शिंग त्या ध्वनीला फैलाव देते. शेजारच्या दोन नळ्यांचे सूर तंतोतंत जुळले नाहीत तर त्यांच्या फरकाइतकी आंदोलने दर सेकंदाला ऐकू येतात. म्हणजे ४४० आणि ४४३ कंपनसंख्येच्या सुरांतून सेकंदाला ३ आंदोलने उठतात. शहरातील ध्वनिमुद्रक हाच परिणाम साधण्यासाठी प्लगइन विकत घेतो. पावरीत तो बांबूतच असतो.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिची परंपरा इ. स. १२४६ पर्यंत मागे नेली जाते. रात्रभर मोठे ढोल आणि बासऱ्या वाजतात. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर नक्षी काढलेले नर्तक कमरेला घुंगरू आणि पोकळ भोपळे बांधून नाचतात. येथे नृत्य आणि वाद्य वेगळे काढता येत नाही, कारण नर्तकाचे शरीरच वाजते. पायांचा दणका, घुंगरांचा सळसळाट, भोपळ्यांचा खडखडाट, बोलणे, हाळ्या हे सर्व मिळून त्या संगीताचा पोत होय.

हे संगीत उघड्यावरचे आहे. खोलीत चारही भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीचे शेपूट लांबते. मोकळ्या मैदानात ते जवळजवळ नसतेच. समोर डोंगराची कड असली तर मात्र स्वतंत्र प्रतिध्वनी येतो. सुमारे १७० मीटरांवरील कड्यावरून ढोलाचा ठोका एका सेकंदाने परत येतो, तोवर वादक पुढच्या आवर्तनात शिरलेला असतो. सातपुड्याच्या खोऱ्यांतील ढोलवादनाचा विचार या भूगोलापासून तोडून करता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता हेच वादन मुद्रित होऊन संपादनासाठी गेले की काय होते ते पाहावे. खरखर काढणारे प्लगइन स्थिर गोंगाटाचा नमुना घेऊन तो सर्वत्र वजा करते. पावरीतील श्वासाची फुसफुस आणि घुंगरांचा सळसळाट हे त्या गोंगाटाला इतके जवळचे असतात की त्यांचाही काही अंश जातो. ध्वनीची पातळी आवळणारे प्लगइन ढोलाचा पहिला आघात दाबून मागची गुंज वर आणते. शेवटी 'कोरडेपणा' घालवण्यासाठी एखाद्या दूरच्या चर्चचा घुमारा चढवला जातो. ज्या संगीताला कधी छप्पर नव्हते, त्याला दगडी कमान मिळते. ऐकणारा म्हणतो, आवाज किती छान आला आहे!

कलावंताने असे करू नये, असे येथे सुचवायचे नाही. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील भिल्ल पट्ट्यात की-बोर्डवर टिमली वाजवणारे तरुण आपल्या आवाजावर कोणतीही प्रक्रिया करोत. तो त्यांच्या संगीताचा स्वाभाविक प्रवास आहे, आणि त्याचाही इतिहास एके दिवशी लिहावा लागेल. आक्षेप आहे तो प्रक्रिया केलेले मुद्रण 'मूळ लोकसंगीत' म्हणून संग्रहात ठेवण्यास.

ध्वनीची पाठचिकित्सा

१९९८ पर्यंत नंदुरबार ज्या धुळे जिल्ह्याचा भाग होता, त्याच धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अस्सल कागद आणि नक्कल यांतला भेद, लेखनिकाने केलेली दुरुस्ती, मागाहून घुसवलेला मजकूर यांविषयीची जागरूकता मराठी इतिहासलेखनाला त्या पिढीने दिली. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ती अद्याप आलेली नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतविषयक अभिलेखागार १९८२ साली पुण्यात स्थापन झाले व पुढे दिल्ली परिसरात गेले. तेथे मुद्रणासोबत त्याची माहिती नोंदवण्याचा पायंडा आहे; आपल्या महाविद्यालयांतील संग्रहांत बहुधा केवळ गावाचे नाव आणि तारीख असते.

येथे एक विशेष अडचण आहे. सरदार सरोवर प्रकल्पाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील आहेत. त्यांपैकी मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरले. जागेचा ध्वनिप्रतिसाद टिपण्याची पद्धत व्यवहारात येण्यास त्या वेळी सुमारे सहा वर्षे अवकाश होता. २०१७ साली धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीला पोहोचले. नर्मदाकाठच्या बुडालेल्या अंगणांत ढोल कसा वाजत होता, कड्यावरून तो किती वेळाने परतत होता, हे आता त्या जागी जाऊन मोजता येणार नाही. जी काही जुनी मुद्रणे कोणाच्या कपाटात फितींवर असतील, त्यांतील पार्श्वभूमीचा 'गोंगाट' हाच त्या जागांचा उरलेला पुरावा होय. संगणकीकरण करताना तो पुसणे म्हणजे शिलालेख वाचण्यापूर्वी घासून काढण्यासारखे आहे. फितीवरून उतरवलेली पहिली प्रत कोणत्याही प्रक्रियेविना ठेवावी, स्वच्छ केलेली प्रत वेगळी असावी आणि तिच्यावर कोणते प्लगइन कोणत्या प्रमाणात वापरले याची नोंद असावी, एवढे तर सहज करता येईल.

नव्या मुद्रणांविषयी एक व्यावहारिक गोष्ट. प्रकल्पासाठी आपले विद्यार्थी होळीचे किंवा डोंगऱ्यादेवाचे मुद्रण आता भ्रमणध्वनीवर करून आणतात. भ्रमणध्वनीचा ध्वनिग्राहक मुख्यतः मानवी बोलण्यासाठी योजलेला असतो. गोंगाट कमी करणे आणि पातळी आपोआप समान करणे या प्रक्रिया पुष्कळ संचांत फाईल जतन होण्यापूर्वीच घडतात. ढोल मोठा झाला की पातळी खाली ओढली जाते, ठोका थांबला की रातकिडे वर येतात. विद्यार्थ्याला वाटते की आपण काहीच बदलले नाही. सेटिंगमध्ये जाऊन हे स्वयंचलित पर्याय बंद करता येतात का ते पाहावे, आणि संचाचे नाव, वादकापासूनचे अंतर व समोर डोंगर आहे की शेत, हे वहीत लिहून ठेवण्यास त्याला सांगावे.