काळ्यांची बोली आणि न्यायालयाची पायरी

अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्याकडे मोर्चे, तुरुंग आणि गोळीबार यांच्या अंगाने सांगितला जातो. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले, तेव्हा ते स्वाभाविक आहे. पण त्या लढ्याची एक आघाडी शाळेच्या वर्गात होती आणि तेथे एक प्राध्यापिका उभी होती, हे आमच्या शिक्षक मित्रांना फारसे ठाऊक नसते.

जिनिव्हा स्मिदरमन यांचा जन्म १९४० चा, टेनेसीतल्या वाट्याने जमीन कसणाऱ्या कुटुंबातला. कुटुंब पुढे उत्तरेत डेट्रॉइटला आले. शिक्षिका व्हायचे तर त्या काळी तेथे उच्चारांची परीक्षा द्यावी लागे. स्मिदरमन तीत नापास झाल्या आणि त्यांना वाचादोषावरच्या उपचारवर्गात बसवण्यात आले. जिभेत दोष नव्हताच; ती काळ्या घरात वाढली होती, एवढेच. मार्कांसाठी हवे तसे उच्चार घोटून त्या सुटल्या. मात्र ही परीक्षा कोणी कोणासाठी रचली, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९६९ साली त्यांनी मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९७७ साली 'टॉकिन अँड टेस्टिफायिन' हा ग्रंथ लिहिला. काळ्यांची बोली म्हणजे मोडकी इंग्रजी नव्हे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, हे त्यात मांडले आहे. 'ही वर्किंग' म्हणजे तो आता काम करतो आहे. 'ही बी वर्किंग' म्हणजे तो नेहमी काम करतो. हा भेद बोलीत क्रियापदावरच दिसतो. ज्याला तो ऐकू येत नाही, अडाणी कोणाला म्हणावे?

त्याच १९७७ साली ॲन आर्बर गावातल्या काही गरीब काळ्या आयांनी शाळा-मंडळावर दावा लावला. शाळेचे नाव मार्टिन ल्यूथर किंग, आणि त्यांची मुले तेथे मतिमंद, वाचादोषी ठरत होती! स्मिदरमन या खटल्यात मुलांच्या बाजूने प्रमुख तज्ज्ञ म्हणून उभ्या राहिल्या. १२ जुलै १९७९ रोजी न्यायमूर्ती जॉयनर यांनी निकाल दिला: अडथळा मुलांच्या बोलीत नसून त्या बोलीकडे पाहण्याच्या शिक्षकांच्या वृत्तीत आहे, मंडळाने तीस दिवसांत योजना सादर करावी. शिक्षकांनाच शिकायला बसावे लागले.

परंतु या विजयाचे पोवाडे गाताना एक गोष्ट नजरेआड होते. आयांनी दारिद्र्याचा प्रश्नही न्यायालयापुढे नेला होता. तो आरंभीच बाद झाला. उरली फक्त भाषा. व्यवस्था बोलीला मान द्यायला कधीकधी तयार होते, भाकरीचा हिशेब मात्र दाराबाहेर ठेवते.

आमच्याकडे बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ यांनी वस्तीची भाषा साहित्यात आणली. विद्यापीठांनी ती अभ्यासक्रमातही घेतली. आणि मी ज्या वर्गांत शिकवले, तेथे 'पानी' म्हणणारे पोर हसण्यावारी जातच राहिले. तेच पोर दुसऱ्या तासाला 'पाणी' म्हणण्याऐवजी गप्प बसते. शिक्षक शेरा लिहितो, 'वर्गात सहभाग नाही.'

१९९६ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा-मंडळाने काळ्या मुलांची बोली ही त्यांची भाषा आहे असा ठराव केला, तेव्हा देशभर टिंगल झाली. दुसऱ्याच महिन्यात अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञांच्या संस्थेने ती बोली नियमबद्ध असल्याचे ठरावाने सांगितले. टिंगल काही थांबली नाही.