कौनसमधील वसंत : १९३९

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्याभिषेक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. खेळांना इतिहासाच्या ग्रंथांत सहसा तळटिपेइतकीही जागा मिळत नाही. परंतु जगाच्या नकाशावर एक असा लहानसा देश आहे की, त्याच्या इतिहासातून एक चेंडू आणि दोन टोपल्या काढून टाकल्या, तर काही पाने कोरीच राहतील. त्या देशाचे नाव लिथुआनिया, आणि तो खेळ म्हणजे बास्केटबॉल.

बाल्टिक समुद्राच्या काठी, रशिया व जर्मनी या दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये हा देश वसलेला आहे. त्याचे आपल्याशी एक दूरचे, पण फार जुने नाते आहे, ते भाषेचे. लिथुआनियन भाषेत अग्नीला 'उग्निस' म्हणतात, देवाला 'दिएवास' आणि पुत्राला 'सूनुस'. संस्कृतातील 'सूनु' शब्द ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही भाषा अगदीच परकी वाटणार नाही. अशी प्राचीन भाषा बोलणाऱ्या या लोकांवर रशियाच्या झारने १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे लॅटिन लिपीत पुस्तके छापण्याची बंदी घातली होती. लोक सरहद्दीपलीकडे छापलेली पुस्तके पाठीवर बांधून चोरून आणीत. त्याच काळात पोटासाठी आणि सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी लक्षावधी लिथुआनियन अमेरिकेला गेले. तेथे शिकागोसारख्या शहरांतून त्यांनी आपली भाषा व आपली मंडळे जतन केली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या कथेचे मूळ तेथे आहे.

बास्केटबॉल हा कोणाच्याही परंपरेत वाढलेला खेळ नव्हे. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात खेळता यावे म्हणून पीच फळांच्या टोपल्या भिंतीवर टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. १९१८ मध्ये लिथुआनिया स्वतंत्र झाला, तेव्हा अमेरिकेतून परतलेल्या स्तेपोनास दारियुस या उत्साही गृहस्थाने हा खेळ मायदेशी रुजवण्याची खटपट केली. हाच दारियुस पुढे १९३३ साली गिरेनास या सोबत्यासह लहानशा विमानातून अटलांटिक ओलांडून कौनसकडे निघाला आणि मुक्काम गाठण्यापूर्वीच अपघातात मरण पावला. राष्ट्राने त्याला वीर मानले. त्याने लावलेले खेळाचे रोप मात्र अजून खुरटेच होते.

त्या रोपाला पाणी मिळाले १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकनंतर. या ऑलिंपिकची आठवण महाराष्ट्रालाही आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात बास्केटबॉलला ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश मिळाला. अंतिम सामना उघड्या मैदानावर भर पावसात झाला आणि चिखलात चेंडू उसळेना, तरी अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. त्या विजयी संघात फ्रँक ल्युबिन नावाचा एक उंच खेळाडू होता. त्याचा जन्म लॉस एंजेलिसचा, पण आईबाप लिथुआनियन. ऑलिंपिक संपल्यावर तो आईबापांच्या देशाला गेला. लोकांनी त्याला 'प्रानास लुबिनास' हे नाव दिले आणि खेळ शिकवण्याची गळ घातली.

पुढच्याच वर्षी, १९३७ च्या मे महिन्यात, लात्वियाची राजधानी रिगा येथे युरोपीय अजिंक्यपदाची दुसरी स्पर्धा भरली. १९३५ सालची पहिली स्पर्धा लात्वियाने जिंकलेली असल्यामुळे यजमानपद त्याच्याकडे होते. लिथुआनियाकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती. फेलिक्सास क्रियाउच्युनास हा अमेरिकेत वाढलेला तरुण खेळाडूही होता आणि मार्गदर्शकही. उपांत्य सामन्यात त्यांनी पोलंडला हरवले. विल्नियस ही लिथुआनियाची ऐतिहासिक राजधानी पोलंडच्या ताब्यात असल्यामुळे या दोन देशांत त्या वेळी राजनैतिक संबंधही नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सामन्याचे वजन कळते. अंतिम सामन्यात इटलीवर २४ विरुद्ध २३ असा एका गुणाचा विजय मिळाला. ज्या देशाचे नाव पुष्कळांना नकाशावर सापडत नव्हते, तो युरोपचा विजेता ठरला.

विजेत्याने पुढची स्पर्धा भरवायची, असा रिवाज होता. कौनस ही तात्पुरती राजधानी. तेथे स्पर्धेला साजेसे सभागृह नव्हते, म्हणून अनातोलियुस रोझेनब्लियुमास या अभियंत्याच्या आराखड्यानुसार केवळ काही महिन्यांत एक नवे क्रीडागृह उभारले गेले. खास बास्केटबॉलसाठी बांधलेल्या युरोपातील पहिल्या वास्तूंत त्याची गणना होते. परंतु भिंती चढत असतानाच आकाश काळवंडत होते. १९३९ च्या मार्चमध्ये हिटलरच्या निर्वाणीच्या खलित्यापुढे मान तुकवून लिथुआनियाला क्लाइपेडा हे आपले एकमेव बंदर सोडावे लागले. त्यानंतर दोनच महिन्यांनी कौनसमध्ये आठ राष्ट्रांचे ध्वज फडकले.

पहिल्याच टप्प्यात लिथुआनिया आणि लात्विया समोरासमोर आले. सभागृह खचाखच भरलेले. अखेरच्या क्षणी लुबिनासने टाकलेला चेंडू टोपलीत गेला आणि ३७ विरुद्ध ३६ असा सामना संपला. पुढचे सर्व सामनेही यजमानांनी जिंकले. फिनलंडविरुद्धचा निकाल तर ११२ विरुद्ध ९ असा लागला. लात्विया दुसरा आला, पोलंड तिसरा.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. लुबिनाससह संघाचा कणा अमेरिकेत वाढलेल्या खेळाडूंचा होता. मग हा विजय उसना नव्हे काय? लात्वियाने तशी तक्रार केलीही, आणि तिच्यात मुळीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. घरच्या खेळाडूंच्या बळावर लढणाऱ्याला ते अन्यायाचे वाटणे स्वाभाविक होते. परंतु दुसरी बाजूही पाहावी. दारिद्र्याने आणि परसत्तेने ज्यांच्या आईबापांना देशाबाहेर घालवले, त्यांची मुले आपल्या हाती आलेली विद्या घेऊन परतली. लुबिनासचा विजय उसना म्हणावा, तर झारच्या काळात पाठीवरून आणलेली पुस्तकेही उसनीच म्हणावी लागतील. आणि आणलेले बी रुजले की नाही, याचे उत्तर पुढच्या पन्नास वर्षांनी दिले.

त्या आठ ध्वजांचे पुढे काय झाले, ते पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचे दोन तुकडे झाले. नोव्हेंबरात फिनलंडवर सोव्हिएत आक्रमण झाले. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स कोसळला. त्याच महिन्यात सोव्हिएत सेना लिथुआनिया, लात्विया आणि एस्टोनियात शिरल्या आणि ऑगस्टमध्ये ही तिन्ही राष्ट्रे नकाशावरून पुसली गेली. इटली व हंगेरी हिटलरच्या बाजूने युद्धात ओढली गेली. ज्या कौनसने पाहुण्यांसाठी पताका लावल्या होत्या, त्याच कौनसच्या नवव्या किल्ल्यात २९ ऑक्टोबर १९४१ या एका दिवसात नऊ हजारांहून अधिक ज्यू स्त्री-पुरुष व मुले मारली गेली. हुकूम नाझींचा होता, पण हात काही स्थानिकांचेही होते. विजयाची कथा सांगताना हे पान दुमडून ठेवणे इतिहासाला शोभणारे नाही.

लुबिनास युद्ध सुरू होताच अमेरिकेला परतला. संघातला बाल्त्रूनास पुढे ऑस्ट्रेलियात गेला. संघ पांगला, पण क्रीडागृह उभे राहिले. सोव्हिएत अमलात तेथे 'झाल्गिरिस' हा संघ खेळू लागला. हे नाव १४१० साली पोलिश-लिथुआनियन सैन्याने ट्यूटॉनिक सरदारांचा पराभव केला त्या रणभूमीचे. १९८५, ८६ आणि ८७ अशी लागोपाठ तीन वर्षे या संघाने मॉस्कोच्या लष्करी संघाला मागे टाकून सोव्हिएत अजिंक्यपद मिळवले. कौनसमधील प्रेक्षकांना त्या जयघोषाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला सुवर्णपदक मिळाले, तेव्हा त्याचा आधार साबोनिस, मार्च्युलियोनिस, खोमिचुस आणि कुर्तिनाइतिस हे चार लिथुआनियन होते. पदक त्यांनी मिळवले, पण वर चढला तो ध्वज दुसऱ्यांचा.

११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्याची पुनःस्थापना घोषित केली. ते टिकवण्यासाठी जानेवारी १९९१ मध्ये विल्नियसमध्ये निःशस्त्र नागरिकांनी रणगाड्यांपुढे प्राण दिले. खेळाने राज्य मिळत नाही. राज्यासाठी किंमत मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला संघ पाठवायला या नव्या राष्ट्राकडे पैसा नव्हता. मार्च्युलियोनिसने अमेरिकेत मदत जमवली आणि तेथील 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदानेही हातभार लावला. कांस्यपदकासाठी गाठ पडली ती पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाशी. ८२ विरुद्ध ७८ असा विजय लिथुआनियाचा झाला. त्या दिवशी रशियन सैन्य लिथुआनियाच्या भूमीवरून अजून हटलेले नव्हते. ते गेले पुढच्या वर्षीच्या ऑगस्टअखेर. या वेळी पदकाबरोबर ध्वजही त्यांचाच चढला. २००३ मध्ये, चौसष्ट वर्षांनी, युरोपीय अजिंक्यपदही परत आले.

१९३९ च्या त्या विजयाने लिथुआनियाला वाचवले नाही. एकही रणगाडा त्याने अडवला नाही. मग त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग इतकाच की, पन्नास वर्षे ज्या राष्ट्राचे नाव सरकारी नकाशात नव्हते, ते राष्ट्र एका सभागृहात दर आठवड्याला एकत्र जमत होते. बाप मुलाला सांगत होता, 'येथेच लुबिनासने तो चेंडू टाकला.' राष्ट्रे सैन्याने जिंकली जातात, पण अशा सांगण्यावाचून ती तगत नाहीत. कौनसमधील ते क्रीडागृह आजही उभे आहे.