डोंबिवलीचा आकडा

परवा शनिवारी भाचा आमच्या पूनम सागरच्या घरी आला होता. म्हणाला, "मामा, नऊ वेळा १ लिही आणि त्याचा वर्ग कर." आपण पडलो इंजिनिअर. लगेच जावास्क्रिप्टचा कन्सोल उघडला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२०.

पठ्ठ्या हसायलाच लागला. "एक गुणिले एक, मग शेवटी शून्य कसं?"

खरंच की! जावास्क्रिप्टचा साधा नंबर २ च्या ५३व्या घातापर्यंतच प्रत्येक पूर्णांक नीट धरतो. त्याच्या लगेच पुढे विषम संख्यांना जागाच नाही. बिगइंट वापरल्यावर आलं खरं उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१.

गंमत म्हणजे ह्या आकड्याचं कूळ आपल्या लोकल ट्रेनमध्ये सापडतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा, म्हणजे आपल्याच वेस्टर्न लाईनवरचा. शाळा ठाण्याला, कॉलेज फर्ग्युसन. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवरच्या डेम्लो स्टेशनात, म्हणजे आताच्या डोंबिवलीत, त्यांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या. नाव दिलं 'डेम्लो संख्या'!

साधी डेम्लो संख्या म्हणजे १६६५. कडेचे १ आणि ५ मिळवा, मधला ६ येतो. आता आपला आकडा बघा. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा. सगळे ९!

अजून एक. ह्याच्या अंकांची बेरीज ८१. त्या ८१ ने आकड्याला गुणा, ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

जादू वगैरे काही नाही. कागदावर गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३ करत ९ पर्यंत चढतात आणि उतरतात, हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा १ घेतलात की मधे १० होतात, हातचा येतो आणि जिना मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

आता ह्याचा उपयोग काय? कापरेकरांनाही लोक हेच विचारत असणार. पदव्युत्तर शिक्षण नाही, त्यामुळे इथल्या गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. पुस्तिका स्वतःच छापाव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. मास्तर तेव्हा सत्तरीचे, रिटायर होऊन तेरा वर्षं झालेली. १९८६ मध्ये ते गेले.

म्हणजे वर्षानुवर्षं हा माणूस शाळा सांभाळून, कोणी वाहवा न करता आकडे मांडत राहिला. आणि आपण? अप्रेझलमध्ये दिसणार नाही ते काम करायला आपला हात उचलत नाही. असो.

भाच्याला म्हटलं, "पुढच्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसू."