एकच गेम, मग इतिहास कसला?

मी छोट्या गेम स्टुडिओंच्या इतिहासावर संशोधन करतेय, असं सोलापुरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "त्यांनी गेम काढले तरी किती?" प्रश्न रास्त आहे. पण पुण्याच्या 'नोडिंग हेड्स गेम्स'ला हा निकष लावून बघा. या स्टुडिओचं नाव झालं ते एकाच गेममुळे, 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. मग आपण नेमकं मोजायचं काय?

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. भारतात गेमचं काम नवं नाही. बंगळुरूची 'ध्रुव इंटरॲक्टिव्ह' १९९७ पासून होती. पण आपल्याकडचं बरंचसं काम परदेशी कंपन्यांसाठी चित्रं, पात्रं, देखावे करून देण्याचं. पॉवरलूमच्या भाषेत सांगायचं तर मजुरीवर विणण्याचं: सूत व्यापाऱ्याचं, माग आपला, कापडावर नाव दुसऱ्याचं. त्यात पगार निघतो. स्वतःच्या नावाने चादर काढायची, तर ती विकली जाईपर्यंतचा सगळा खर्च आधी स्वतः उभा करावा लागतो. चादरीचं कापड निदान काही दिवसांत विणून होतं. गेमला वर्षं लागतात, आणि तोवर विकायला हातात काहीच नसतं.

अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी २०१७ मध्ये हीच वाट धरली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीची मोहीम काढली. तिथला नियम सरळ आहे: ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर एक रुपयाही नाही. रक्कम जमली नाही. नुसती गेमची यादी बघणाऱ्याला हे कळतच नाही, कारण अपयशी मोहीम यादीत नसते. पुढे एपिक गेम्सचं अनुदान आणि प्रकाशक मिळाला, म्हणून काम तगलं.

१८ ऑगस्ट २०२० रोजी 'राजी' आधी निन्टेंडो स्विचवर आला, १५ ऑक्टोबरला पीसी आणि इतर कन्सोलवर. भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेली मुलगी, राजस्थानी वळणाचे महाल, बालीच्या छायाबाहुल्यांसारखी दृश्यं. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला. समीक्षकांनी चित्रांचं कौतुक केलं. मात्र लढाई आणि आटोपता शेवट अनेकांना खटकला.

इथे बहुतेक लेख थांबतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष मात्र २०२२. तेव्हा सुधारित आवृत्ती आली: लढाईच्या हालचाली दुरुस्त केलेल्या, आणि हिंदी आवाज जोडलेले. भारतीय कथेवरच्या गेमला भारतीय भाषेतला आवाज मिळायला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा बाजार कुठला धरावा लागला, हे त्यातून दिसतं.

म्हणून मी स्टुडिओची नोंद तीन रकान्यांत ठेवते: काय बाहेर आलं, काय फसलं, आणि बाहेर आल्यावर काय दुरुस्त केलं. पहिला रकाना दुकानात सापडतो. दुसरा आणि तिसरा वेळीच टिपून ठेवावे लागतात. खरं तर पहिल्याचीही खात्री नाही. २०१७ मध्ये ॲपलने आयओएस ११ आणलं, तेव्हा जुने ३२-बिट गेम आयफोनवर चालेनासे झाले. ज्या छोट्या स्टुडिओंना ते नव्याने बांधून देणं परवडलं नाही, त्यांच्या कामाचं आज फक्त नाव उरलंय.

उद्या सोलापुरातल्या एखाद्या मुलीने विचारलं, "मी गेम बनवायला लागू का?", तर तिच्यापुढे तिन्ही रकाने ठेवायचेत. नुसतं नामांकन दाखवलं तर मी तिला अर्धाच हिशेब दिला असं होईल.