बारा गलबतं आणि आपली एक होडी

काल डिंभ्याच्या धरणावर उभा होतो. समोर हुतात्मा बाबू गेनू सागर, त्याच्या तळाशी जुनं आंबेगाव. शेजारी दहावीतला पुतण्या मोबाईलवर नेदरलँड्सच्या नौदलाचं ‘रॉटरडॅम’ जहाज दाखवत होता. १९९८ साली सेवेत आलेलं. गंमत म्हणजे हे जहाज मुद्दाम स्वतःच्या पोटात पाणी घेतं! मागचा भाग खाली जातो, दार उघडतं आणि आतल्या होड्या सैनिक, गाड्या घेऊन तरंगत बाहेर पडतात. धक्का लागत नाही.

"काका, असलं आपल्याकडं कुठंय?"

म्हटलं, आहे की. आयएनएस जलाश्व. अमेरिकेचं जुनं ‘ट्रेंटन’, २००७ मध्ये आपल्याकडं आलं. कोरोनात, मे २०२० मध्ये, याच जहाजानं मालदीवहून ६९८ माणसं कोचीला आणली. बांधलं लढाईसाठी, कामी आलं माणसं घरी आणायला.

पण आपण शिवनेरीच्या मुलखातले, गोष्ट मागं न्यावीच लागते. फेब्रुवारी १६६५. महाराज स्वतः मालवणहून समुद्रमार्गे निघाले. ८५ लहान गलबतं, ३ मोठी जहाजं. कर्नाटक किनाऱ्यावरचं बसरूर लुटलं आणि परतताना गोकर्णाला उतरले. बसरूरची लूट सांगून आपले वक्ते थांबतात. मला पुढचं जास्त मोलाचं वाटतं. बाकीचं आरमार माघारी पाठवून महाराज चार हजार पायदळासह जमिनीनं कारवारकडं निघाले, पण १२ गलबतं तेवढी ठेवून घेतली. कशाला? वाटेतल्या नद्या उतरायला. गोकर्ण सोडलं की गंगावळी आडवी येतेच. माणूस पलीकडं कसा जाणार, हा हिशेब निघण्याआधी झालेला.

गेल्या पावसाळ्यात जलाशयापलीकडच्या एका वाडीत बातमीला गेलो होतो. परतीची होडी दीड तास आली नाही, इंजिन बंद. शेजारी तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन एक मावशी बसलेल्या. मी चिडलो, त्या शांत. "नेहमीचंच हाये भाऊ," म्हणाल्या. त्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्याच पाण्यावर खाली ऊस पिकतो.

पलीकडच्या मित्रांनो, होडी कुठल्या दिवशी बंद होती, कुणाचं काय अडलं, ते कमेंटमध्ये तारखेसकट लिहा. यादी घेऊन सोमवारी घोडेगावला जातोय. दोघं-तिघं सोबत आलात तर बरं.