वडिलोपार्जित मालमत्तेतील वारसाहक्क (हिंदू कायदा)

वडील, आजोबा किंवा पणजोबा यांच्याकडून पुरुषपरंपरेने चालत आलेल्या व वाटणी न झालेल्या मालमत्तेत एकत्र कुटुंबातील व्यक्तीला असलेला हक्क. तो दोन वाटांनी मिळतो : सहदायादाला, म्हणजे एकत्र कुटुंबातील जन्मसिद्ध हिस्सेदाराला, जन्मतः आणि वारसाला मालकाच्या मृत्यूनंतर. मालमत्ता कोणत्या वाटेने आली हे ठरल्याखेरीज हिस्सा ठरत नाही. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे.

जन्मसिद्ध हक्काचा सिद्धांत विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेतून आला. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिलेल्या या ग्रंथाने मुलगा, नातू व पणतू यांना जन्मापासून हिस्सेदार मानले. बंगाल व आसामात जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ प्रमाण होता. त्यानुसार बाप जिवंत असेपर्यंत मुलाला हक्कच नाही. महाराष्ट्रात मिताक्षरेच्या जोडीला नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ (१७ वे शतक) मानला गेला. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात तर मयूखालाच अग्रक्रम होता. या मुंबई शाखेने बहिणीलाही वारसांच्या क्रमात जागा दिली. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र स्त्रीचा जन्मसिद्ध हिस्सा नव्हता. सहदायाद वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे जाई आणि विधवेच्या वाट्याला पोटगी येई. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरताच. १७ जून १९५६ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ ने स्त्रीची ही मर्यादित मालकी पूर्ण केली.

याच अधिनियमाच्या कलम ८ ने स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली व आई यांना प्रथम वर्गाचे वारस ठरवून समान हिस्से दिले. वडील या वर्गात नाहीत. ते दुसऱ्या वर्गात येतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र कलम ६ ने सहदायाद पुरुषच ठेवले आणि मुलीला वडिलांच्या हिश्शातला तुकडा तेवढा दिला. वडील, आई, दोन मुलगे व एक मुलगी असे घर घेऊ. वडील वारल्यास मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे धरत. मुंबई शाखेत अशा वाटणीत आईलाही हिस्सा असल्याने वडील, आई व दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४ मिळे. मग वडिलांचा १/४ आई, दोन मुलगे व मुलगी यांत विभागून प्रत्येकी १/१६. अखेरीस आई व प्रत्येक मुलगा ५/१६, मुलगी १/१६. सख्ख्या भावाच्या पाचव्या हिश्शाइतके देऊन कायद्याने तिला वारस म्हटले, हा अन्याय जवळजवळ अर्धशतक टिकला.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून राज्यापुरती दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद केले. आंध्र प्रदेश व तमिळनाडू यांनी हे पाऊल आधीच उचलले होते. केरळने तर १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची पद्धतच रद्द केली होती. महाराष्ट्राच्या दुरुस्तीतून त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. परिणामी एकाच घरातली थोरली बहीण बाहेर राहिली आणि धाकटी हिस्सेदार झाली. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद पुसला : विवाहित असो वा अविवाहित, मुलीचे हक्क आणि दायित्वे मुलासारखीच. वरच्या उदाहरणात आता वडील, आई व तिन्ही मुले यांना प्रत्येकी १/५ आणि वडिलांच्या हिश्शाची वाटणी झाल्यावर आई व तिन्ही मुले यांना प्रत्येकी १/४ मिळतो. सून वा पत्नी मात्र लग्नामुळे सहदायाद होत नाही.

दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे का, यावर न्यायालयांत मतभेद होते. २०१५ च्या एका निकालाने ‘हो’ म्हटले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो अर्थ खोडला : हक्क जन्माने आहे, म्हणून वडिलांच्या हयातीचा प्रश्नच येत नाही. विधेयक संसदेत मांडल्याच्या दिवसापूर्वी, म्हणजे २० डिसेंबर २००४ पूर्वी, झालेल्या वाटण्या व विक्री यांना मात्र संरक्षण आहे. मुलींना टाळण्यासाठी ‘तोंडी वाटणी केव्हाच झाली’ असा बचाव सर्रास घेतला जाई. सरकारी कागदपत्रांच्या भक्कम आधाराशिवाय तो स्वीकारू नये, असेही या निकालाने बजावले.

आजोबांची प्रत्येक वस्तू वडिलोपार्जित असते, हा समज चुकीचा आहे. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता कलम ८ नुसार मुलाला मिळाली तर ती त्याची स्वतंत्र मालमत्ता होते. नातवाला तीत जन्मतः हक्क नाही. वाटणीनंतर हाती आलेला वडिलोपार्जित हिस्सा मात्र त्या व्यक्तीच्या मुलांच्या दृष्टीने वडिलोपार्जितच राहतो. बक्षीसपत्राने वा मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेत देणाऱ्याचा हेतू पाहावा लागतो. अविभक्त हिश्शाचे मृत्युपत्र कलम ३० नुसार करता येते, आणि मुंबई शाखेत तो हिस्सा मोबदला घेऊन विकताही येतो. बक्षीस देता येत नाही. कर्त्याने म्हणजे कुटुंबप्रमुखाने संपूर्ण मालमत्ता विकायची तर कुटुंबाची कायदेशीर गरज किंवा मालमत्तेचे हित दाखवावे लागते.

कायद्यातला हिस्सा प्रत्यक्ष हाती येणे तलाठी कार्यालयातल्या नोंदींवर फार अवलंबून असते. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी नोंद आढळते. तो एकटा मालक नसून सर्वांच्या वतीने नाव लागले आहे, हे ती सांगते. बहिणींची नावे पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकली गेली. फेरफार महसुलासाठी असतो. नाव लागल्याने मालकी निर्माण होत नाही, की नाव नसल्याने हक्क जात नाही. हक्कसोडपत्राची गोष्ट निराळी. वडिलांचे दिवस होताच बहिणींच्या सह्या घेण्याची घाई अनेक गावांत होते. स्थावराचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, पण एकदा नोंदले की ते सहजी रद्द होत नाही; म्हणून वाचल्याखेरीज, समजून घेतल्याखेरीज सही करू नये. कुटुंबाच्या मालमत्तेतून डावलल्याचे कळल्यापासून दाव्याची मुदत १२ वर्षे असते.

अनुसूचित जमातींना हा अधिनियम केंद्र सरकारच्या अधिसूचनेशिवाय लागू होत नाही. त्यामुळे आदिवासी मुलीचा हक्क आजही मुख्यतः रूढीवर राहतो. गोव्यातील हिंदूंना पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा लागू आहे. तिथे जन्मसिद्ध सहदायिकीऐवजी पती-पत्नीची सामाईक मालमत्ता मानली जाते आणि मालमत्तेचा अर्धा भाग मुलामुलींसाठी समान राखीव असतो. मृत्युपत्र फक्त उरलेल्या अर्ध्याचे करता येते.